विहिरीवरचा दिवा

घरातले सगळे दिवे बदलायचे असं यार्कोनं ठरवलं तेव्हा मिर्वानं मान डोलावली. लग्न उन्हाळ्यात झालेलं, आणि इतक्या कोवळ्या संसारात नवऱ्याच्या एखाद्या तरी बेताला बायकोनं लगेच हो म्हणावं असं तिला वाटलं. (पडद्यांच्या रंगावरून ती आधीच नाही म्हणून बसली होती.) शिवाय बल्ब ही काही वाद घालण्याजोगी वस्तू आहे, असं तोवर तिच्या मनातही आलं नव्हतं.

यार्को नगरपालिकेच्या कचेरीत नोकरीला होता. जुने पिवळे बल्ब दुकानांतून हद्दपार होणार हे त्याला गावात सगळ्यांच्या आधी कळलं, आणि उद्या जे सक्तीनं करावं लागणार ते आजच हौसेनं करून टाकावं हा त्याचा स्वभाव. एका रविवारी तो शिडी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरला. जुने बल्ब खोक्यात भरून दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या केंद्रावर देऊनही आला. नवे बल्ब पांढरेफटक, ओल्या कपड्याला पीळ द्यावा तसे दिसत. फरक एवढाच की जुने बल्ब बटण दाबलं की लागत, आणि हे बटण दाबलं की लागावं की नाही याचा विचार करायला बसत.

न्हाणीघरात माणूस अंधारात शिरे आणि काम उरकून बाहेर पडे तेव्हा मागे लख्ख उजेड पडलेला असे. तळघरात बटाटे आणायला गेलेली मिर्वा दोनदा सलगम घेऊन वर आली. आणि उजेड पडला तरी तो असा, की जेवणाच्या टेबलाशी समोर बसलेला यार्को बर्फात ठेवलेल्या माशासारखा दिसे. आपण कशा दिसत असू हे तिनं आरशात एकदाच पाहिलं.

"जरा दम धर," यार्को म्हणे. "त्याला तापायला वेळ लागतो."

मिर्वा दम धरायला शिकली. बाहेरून आली की आधी दिव्याचं बटण, मग बूट, मग कोट, मग मोजे झटकणं, आणि मग स्वयंपाकघर. एका बाबतीत मात्र तिचा दम पुरेना. तिला झोपण्यापूर्वी वाचायची सवय होती, खुनाच्या कादंबऱ्या, आणि उशाशी ठेवलेल्या दिव्याखाली आता खून आणि हवामानाचा अंदाज सारखेच वाटत. तेवढा एक दिवा सोडावा, असं तिनं सुचवून पाहिलं. यार्को म्हणाला, एकाला सूट दिली की मग सगळं घरच सूट मागायला लागतं. (घरात ती दोघंच होती.)

घर यार्कोच्या आईवडिलांचं. शरद लागताच ती दोघं कुओपिओ शहरात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली आणि घर मुलाच्या हवाली केलं. सासरे, म्हणजे पेंटी, मुळात शब्द जपून वापरणारे. निघताना त्यांनी सगळ्या घराबद्दल मिळून एकच सूचना केली: "विहिरीवरच्या खोपटातला दिवा चालू असू द्या." आणि ते गाडीत जाऊन बसले. सासूबाई, इर्या, त्यांनी सूचना पुष्कळ केल्या, पण त्या सगळ्यांपेक्षा मिर्वाच्या लक्षात राहिली ती जाताजाता केलेली एक गोष्ट. त्यांनी आपला फुलाफुलांचा एप्रन धुऊन, इस्त्री करून स्वयंपाकघराच्या दारामागच्या खुंटीवर अडकवला.

"राहू दे इथेच," त्या म्हणाल्या. "लागलाच तर."

त्या दिवसापासून मिर्वाच्या मनानं एकच घेतलं होतं. नाताळला ती दोघं यायची होती, सौना, म्हणजे सणाचं वाफेचं स्नान, आणि जेवण पहिल्यांदाच तिच्या हातचं व्हायचं होतं, आणि तो एप्रन त्या खुंटीवरून निघता कामा नये. कारण तो एकदा सासूबाईंच्या कमरेला बांधला गेला, की हे घर आपलं झालं असं तिला कधीच वाटलं नसतं.

पहिला बर्फ पडला त्या संध्याकाळी तिला अंगणापलीकडे खोपटाच्या फटींतून पिवळा उजेड दिसला. जुना, मऊ, लोण्यासारखा उजेड. ती बूट घालून गेली. आत पंप, एक पाइप, आणि त्यांच्यावर लोंबणारा एक साठ वॅटचा बल्ब. तिथे ना कुणी वाचत होतं, ना कुणी जेवत होतं. मिर्वानं अदलाबदल केली. उशाचा पांढरा बल्ब खोपटात, खोपटातला पिवळा उशाशी. सासऱ्यांच्या शब्दालाही धक्का लागला नाही. दिवा चालूच होता.

यार्कोला तिनं अर्धीच गोष्ट सांगितली, की विहिरीवरही नवा बल्ब बसवलाय. तो इतका खूश झाला की जुन्याचं काय झालं हे विचारायचं राहूनच गेलं. बाबांचा तो दिवा दिवसरात्र जळतो, म्हणाला, माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि त्या रात्री उशाचा दिवा बघून तो समाधानानं म्हणाला, "बघ, सवय झाली की किती छान वाटतो." मिर्वानं पान उलटलं.

नाताळच्या आदल्या दिवशी थंडी अशी पडली की नाकातले केस टोचू लागले. दुपारी टीव्हीवर तुर्कू शहरातून दरवर्षीप्रमाणे नाताळचा सण लागल्याची, शांततेची घोषणा झाली, आणि ती संपते न संपते तोच स्वयंपाकघरातला नळ खोकला, एकदा गुरगुरला आणि गप्प झाला. यार्को सौनाची भट्टी पेटवायला गेला होता, तो रिकामी बादली घेऊन परत आला. तिथला नळ तर खोकलाही नव्हता. पंपात बिघाड असणार, म्हणाला, आणि सणाच्या दिवशी कोण येणार दुरुस्तीला?

मिर्वानं घड्याळाकडे बघितलं आणि मग खुंटीवरच्या एप्रनकडे.

"त्यांना कळता कामा नये," ती म्हणाली.

मग दोघांनी बर्फ आणायला सुरुवात केली. मोठं पातेलंभर बर्फ वितळला की तळाशी पेलाभर पाणी उरे. भट्टीवर बर्फ, शेगडीवर बर्फ, रांगेत थांबलेल्या बादल्या पडवीत. हॅम ओव्हनमध्ये होतं, तांदळाची खीर लागायला आली होती, आणि बाहेर गाडीचं दार वाजलं.

सासूबाई आधी आत आल्या. पडवीतला दिवा मिर्वानं केव्हाच लावला होता, पण इतक्या थंडीत तो काजव्याएवढा उजेड देऊन थांबला होता.

"कोण आहे तिथे?" सासूबाईंनी विचारलं.

"मीच आहे."

"मग दिसत का नाहीस?"

"आई, जरा दम धर," यार्को आतून म्हणाला. "दिवा तापतोय."

"मी इथे गारठतेय आणि तो तापतोय," सासूबाई म्हणाल्या, एक पाऊल पुढे आल्या आणि बर्फाच्या बादलीत घोट्यापर्यंत गेल्या.

ती बादली तिथे का होती याची मिर्वानं काहीतरी सबब सांगितली. सासूबाईंनी ती ऐकून घेतली, म्हणजे मानली नाही. मोजे बदलून झाले, सगळी टेबलाशी बसली, कॉफी आली. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि कॉफीला जंगलाची चव आहे असं सौम्यपणे नमूद केलं. पेंटींच्या कपात स्प्रूसच्या झाडाचं सुईसारखं हिरवं पान तरंगत होतं. ते त्यांनी बोटानं काढून बशीत ठेवलं, थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं, टोपी घातली आणि बाहेर गेले.

परत आले तेव्हा भुवयांवर हिम होतं.

"दिवा चालू आहे," ते म्हणाले.

यार्को खुलला. "आहेच. तुम्ही सांगितलं होतं ना. मिर्वानं एक दिवस बंद केला नाही."

"चालू आहे," पेंटी म्हणाले. "पण गार आहे."

मिर्वाला सगळं एका दमात कळलं. तो बल्ब उजेडासाठी नव्हताच. इतके हिवाळे त्या साठ वॅटच्या उबेवर पंप आणि पाइप न गोठता जगले होते. नव्या बल्बनं वीज वाचवली होती, आणि उबेचा तर थेंबही सांडला नव्हता.

"मला वाटायचं," यार्को हळूच म्हणाला, "अंधारात विहीर सापडावी म्हणून तो दिवा."

"विहीर कुठे जाते?" सासूबाईंनी विचारलं.

पेंटींनी जुना बल्ब मागितला. यार्को लाल झाला. जुने सगळे आपण देऊन टाकले, म्हणाला, चूक माझी. तो आणखीही काही म्हणणार होता, पण मिर्वा उठली. वरच्या खोलीत गेली आणि लोकरी हातमोज्यात बल्ब घेऊन खाली आली. सकाळी तो दिवा ती बंद करायला विसरली होती, त्यामुळे बल्ब चांगला गरम होता. लपवायलाही काही उरलं नव्हतं.

यार्को बल्बकडे बघत राहिला. "म्हणजे मी रोज ज्याचं कौतुक करत होतो तो..."

"साठ वॅटचा," मिर्वा म्हणाली.

सासूबाईंनी सुनेकडे बघितलं. "पुस्तक तरी संपलं का?"

"शेवटचा खून राहिलाय."

पेंटींच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसूही असेल. बापलेक तो बल्ब, मिर्वाचा केस वाळवायचा ड्रायर आणि लांब वायर घेऊन खोपटाकडे गेले. त्यांची पाठ वळली आणि सासूबाई उठल्या. दारामागे गेल्या. खुंटीवरून एप्रन काढला.

मिर्वा खिरीचा डाव हातात धरून उभी राहिली. संपलं, तिच्या मनात आलं. पण सासूबाईंनी एप्रन बांधला नाही. तो काखेत मारून, कोट चढवून त्या बाहेर पडल्या, आणि परतल्या तेव्हा हात रिकामे होते.

"पाइपला गुंडाळला," त्या म्हणाल्या. "जाड आहे, ऊब धरेल. आता मार्चपर्यंत तिथेच राहील."

मिर्वाला त्यांना मिठी मारावीशी वाटली. (असं त्या गावात सहसा करत नाहीत, म्हणून तिनं खीर ढवळली.) सौना बर्फाच्या पाण्यावरच झाली. तापल्या दगडांवर ते पाणी टाकल्यावर येणारी वाफ मऊ असते, लहानपणी आम्ही असंच करायचो, असं सासूबाई सगळ्यांत वरच्या फळीवरून म्हणाल्या. सगळी घरात परतली तेव्हा नळ खोकला, तांबडं पाणी ओकला आणि मग स्वच्छ वाहू लागला. जेवणं झाली. खिरीतला एकुलता एक बदाम, ज्याला मिळेल त्याचं वर्ष चांगलं जातं म्हणतात, तो पेंटींना मिळाला, आणि त्यांनी तो चावून टाकला.

मग सासूबाईंनी भांड्यांच्या ढिगाकडे बघितलं. रिकाम्या खुंटीकडे बघितलं. मिर्वाकडे बघितलं.

"तुझा दे," त्या म्हणाल्या.

निळ्या चौकड्यांचा, मिर्वाच्या आईनं शिवून दिलेला एप्रन. मिर्वानं गाठ सोडली. सासूबाईंना तो अगदी मापात बसला. तू दमलीस, जा, वर जाऊन निवांत वाच, असं त्यांनी तिला इतक्या प्रेमानं सांगितलं की नाही म्हणायची सोयच उरली नाही.

मिर्वा वर गेली. अंथरुणात शिरली, शेवटच्या खुनाचं पान उघडलं आणि उशाच्या दिव्याचं बटण दाबलं. उजेड पडला नाही. एव्हाना तिला चांगली सवय झाली होती. ती दम धरून पडून राहिली, खालून भांड्यांचा आवाज येत राहिला, आणि बराच वेळ गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की दिव्यात बल्बच नाही.