हळद दळणाऱ्या गळ्याची गोष्ट

"विहीणबाईना गळा माले पाहिजे," असा निरोप व्याह्यांकडून आला, तेव्हा भिला पाटलाच्या हातातला पाण्याचा तांब्या पायावर पडला.

निरोप आणला होता गावचा कोतवाल लोटन यानं. पाटलाची मुलगी सरला हिचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. व्याही चुडामण पाटील तापीकाठचे, माणूस तोलून-मापून बोलणारा. त्यांच्या मंडळी मंगलाबाई सुपारी फोडायला आल्या तेव्हा एक रात्र मुक्कामाला राहिल्या होत्या. पहाटे जात्यावरचं गाणं त्यांच्या कानावर पडलं आणि बाई अंथरुणात उठून बसून रडल्या. आता त्यांचं म्हणणं असं, की नवरदेवाची हळदसुद्धा विहीणबाईंच्या, म्हणजे पाटलांच्या बायकोच्या, नर्मदाबाईंच्याच जात्यावर दळायची, त्यांच्याच गाण्यावर. दोन बैलगाड्या भरून बायका घेऊन त्या परवा येणार होत्या.

"बाई म्हनन्यात, असा गळा सगळा खानदेशमा नही," लोटन म्हणाला आणि अभिमानानं हसला.

पाटील हसले नाहीत. कारण तो गळा नर्मदाबाईंचा नव्हता. पाटलांचा होता.

भिला पाटील म्हणजे गावचे पोलीस पाटील. मिशा अशा, की खापर गावच्या बाजारात ते शिरले की भांडणारी माणसं आपोआप भाव विचारू लागत. पण या माणसाचा एकच शौक होता, आणि तो म्हणजे पहाटे जात्यावर बसून, बायकी आवाजात ओव्या गात, दळण दळणं. बाप लवकर गेला. आई कौसाबाईनं पोराला मांडीवर आडवं टाकून लोकांची दळणं दळली. दुधाबरोबर ओव्या पोटात गेल्या त्या गेल्याच. बरोबरीची पोरं कुस्ती शिकली, पत्ते शिकली. भिला खुंटा धरायला शिकला. लग्नानंतर चौथ्या दिवशी नर्मदाबाई जात्यावर बसून गाऊ लागल्या. त्यांचा आवाज घोगरा, कोरड्या विहिरीत बादली आपटावी तसा. पाटलांनी दोन ओळी कशाबशा सोसल्या आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे, मी दळस." त्याला आता बावीस वर्षं झाली होती. गल्लीला वाटे, काय ही बाई गाते! आणि नर्मदाबाई गप्प बसत. पाटील जात्यावर बसतो हे कळलं, तर उद्या त्याला पाटील कोण म्हणणार?

"आते काय करानं?" पाटलांनी दार लावून विचारलं.

"गळा बसना म्हनी सांगा," नर्मदाबाई म्हणाल्या. "मन्हा तं जलमनाच बठेल शे."

तसं सांगून पाठवलं. मंगलाबाई ठरल्या दिवशी आल्या त्या ज्येष्ठमध, मध आणि कंकोळ घेऊनच आल्या. एकोणीस बायका पडवीत फतकल मारून बसल्या. नर्मदाबाईंना दोन दिवस काढे पाजण्यात आले. घोगरेपणा तसूभर हलला नाही.

"व्हऊ द्या येळ," मंगलाबाई म्हणाल्या. "गळा उघडस तवलोंग आम्ही आठेच शेतस. गानं नही तं हळद नही, न् हळद नही तं लगीन कसं लागी?"

त्या बोलल्या हसत, पण सोबत आलेले चुडामण पाटील ओसरीवर खाकरले. त्या खाकरण्याचा अर्थ भिला पाटलांना नीट कळला. लग्नपत्रिका वाटून झाल्या होत्या, मांडव घातला होता, आणि सरला आतल्या खोलीत नखं कुरतडत बसली होती.

शेवटी पाटलांनीच तोड काढली. जातं माजघरात. माजघर आणि पडवी यांच्यामध्ये लुगड्याचा पडदा बांधायचा. गळा जरा सुटला आहे, पण चारचौघांत गायला विहीणबाईंना लाज वाटते, असं सांगायचं. पडद्याआड दोघांनी बसायचं. खुंटा दोघांचा, गळा एकाचा. मागच्या दारानं कोणी डोकावलंच तर म्हणून पाटलांनी डोक्यावरून बायकोची शाल ओढून घेतली. मिशा शालीत मावत नव्हत्या. त्या नर्मदाबाईंनी आत कोंबल्या.

जातं फिरलं. पाटलांनी डोळे मिटले आणि सूर लावला:

"सोनानी हळद माय, दळू कोना हाते,
लेक चालनी परघरले, जीव चालना साथे."

पडवीत हुंदका फुटला. मग दुसरा. पाटील आईच्या मांडीवर पोचले होते. लेक चालली होती हेही खरंच होतं. त्यांना आता ना मांडव आठवत होता, ना मिशा.

आणि तेवढ्यात लोटन ओरडत पडवीत शिरला, "पाटील! ओ पाटील! अक्कलकुवाना जमादार घोडावर ऊना शे! घरमा शेत का?" आणि तो तडक पडद्याकडे निघाला.

नर्मदाबाई उठल्या, पडद्याबाहेर झेपावल्या आणि दोन्ही हात पसरून आपल्या घोगऱ्या आवाजात गरजल्या, "पाटील घरमा नहीत! खेतमा गयात!"

लोटन थबकला. बायकाही थबकल्या. जात्याच्या घरघरीत पाटलांना यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. पडद्याआडून गाणं तसंच चालू होतं, आणखी गोड, आणखी वरच्या पट्टीत.

मंगलाबाईंनी नर्मदाबाईंकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मग पुन्हा नर्मदाबाईंकडे.

"विहीणबाई," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही आठे उभ्या शेतस. मंग तठे कोन गाई ऱ्हायनं?"

मंगलाबाईंनी पडदा बाजूला केला.

शालीतून मिशांची दोन्ही टोकं बाहेर आली होती आणि हळदीनं पिवळी झाली होती. गालांवरून पाणी वाहत होतं. उजेड तोंडावर पडला तसे पाटलांनी डोळे उघडले. समोर एकोणीस बायका, कोतवाल, आणि गलका ऐकून आलेले व्याही. सूर तोंडातच राहिला.

"माय वं!" एक म्हातारी एवढंच म्हणाली.

मंगलाबाई पुढे आल्या. पाटलांनी मान खाली घातली. आता लग्न मोडल्याचे शब्द ऐकायचे. बाई जात्याच्या पलीकडच्या बाजूला बसल्या आणि त्यांनी खुंट्याला हात घातला.

"आर्धी हळद ऱ्हायनी शे, व्याहीबुवा," त्या म्हणाल्या. "चाला. गळा कोनाबी ऱ्हावो, माले तोच पाहिजे."

लग्न लागलं. त्या दिवशी जमादाराला मात्र तासभर ओसरीवर बसावं लागलं, कारण मिशांवरची हळद निघून जाईपर्यंत पोलीस पाटील समोर येईनात.

सरला सासरी गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाटील सवयीनं उठून माजघरात गेले. म्हटलं, झाली ती शोभा झाली, आता लपवायचं काय उरलं! जात्यावर नर्मदाबाई बसल्या होत्या. पाटी भरलेली, पदर खोचलेला.

"सरक," पाटील म्हणाले.

"नही."

पाटलांना वाटलं, आपल्याला ऐकू नीट आलं नाही.

"आते सगळा गावले ठाऊक पडनं, गळा कोना शे तो," नर्मदाबाई म्हणाल्या. "मन्ही झाकपाक सरनी. आते मी गास."

"तुले गानं गावाना सोस शे?"

"बाईस वरीस पासून शे. पन तुम्ही खुंटा सोडाल तवय ना!"

पाटील उभेच राहिले. बावीस वर्षं त्यांना वाटत होतं, आपण बायकोचे कष्ट वाचवतो आहोत. जातं फिरलं आणि तो घोगरा आवाज, कसलीही लाज न बाळगता, सगळ्या गल्लीभर सुटला:

"मन्हा धनीना गळा, जशी कोकिळा वनमा,
बाईस वरीस गानं, दाबी ठेवं मनमा.

पाटील धरे चोर, सातपुडाना जंगलमा,
सोताना जोडा धुंडे, पायमा घाली अंगनमा."

बाहेर कोणीतरी फिस्सकन हसलं. पाटील तरातरा दाराशी गेले. ओट्यावर सगळी गल्ली बसली होती. कोणाच्या मांडीवर पोर, कोणाच्या हातात राखुंडी. लोटन कोतवालही कोपऱ्यात होता. पाटलांनी मिशीला पीळ दिला आणि ओरडण्यासाठी छाती भरून घेतली.

"चूप बठ रे, भिला," शेजारची म्हातारी ओठांवर बोट ठेवून म्हणाली. "आयकू दे. आते कोठे रंग चढी ऱ्हायना."

पोलीस पाटील उंबऱ्यावर बसले. आत नर्मदाबाईंनी मूठभर दाणे जात्यात टाकले, घसा खाकरला आणि पुढच्या ओवीत पाटलांच्या घोरण्याला हात घातला.