उशिराचं पुण्य

मलेशियातल्या कोता भारूच्या बाजारात व्हॅनमधून निळा भात विकणाऱ्या वान सलबियाने, म्हणजे सगळ्यांच्या मकचिक, मावशी सलबियाने, पुरामुळे व्हॅनचा एक हप्ता उशिरा भरला. व्याजाला हातही न लावणाऱ्या तिच्या इस्लामी बँकेने नियमानुसार तिला दंड केला आणि नियमानुसार तिचं सांत्वनही केलं.

"वाईट वाटून घेऊ नका, मकचिक," शाखाधिकारी शुक्री म्हणाले. "या दंडातला एक रिंगिटही आम्ही खात नाही. सगळा दानधर्म निधीत जातो. तुमच्या उशिरामुळे एका अनाथाचं पोट भरलं!"

सलबियाचा ऊर भरून आला. नवरा गेल्यापासून तिच्या हातून एवढं दान झालं नव्हतं.

पुढच्या महिन्यात ती वेळेवर हजर झाली, तसा शुक्रींचा चेहरा पडला. गावाला वेळेवर हप्ते भरायची खोड लागली होती. रमजान जवळ येत होता, अनाथांच्या इफ्तारचा मंडप ठरला होता आणि निधीत खडखडाट होता.

"सगळेच असे वक्तशीर निघाले, तर गरिबांनी बघायचं कुणाकडे?"

"अगं बाई! मग थांबते की मी," म्हणत सलबियाने पैसे परत बटव्यात टाकले.

ती मनापासून थांबली. पुढच्या महिन्यातही थांबली. मग हप्त्याचे पैसे दंडात गेले, हप्ते थकले आणि बँकेची माणसं व्हॅन घेऊन गेली. सलबिया धाय मोकलून रडली, कारण तिचं पोट त्या व्हॅनवरच होतं.

"साहेब, माझी व्हॅन तेवढी द्या हो!"

"व्हॅन दुसऱ्या विभागाकडे येते. पण आनंदाची गोष्ट म्हणजे, मकचिक, आता तुम्ही आमच्या निधीच्या निकषांत बसता!"

इफ्तारच्या मंडपात तिच्या हाती तिच्याहून रुंद पुठ्ठ्याचा चेक देण्यात आला. आकडा तिने भरलेल्या दंडापेक्षा थोडा कमी होता, कारण मंडपाचं भाडं वजा झालं होतं.

"आपली बँक सामाजिक जबाबदारी पाळते, असं वाटणाऱ्यांनी हात वर करावेत," शुक्रींनी माइकवरून विचारलं. खजूर चघळत सगळ्या मंडपाने हात वर केले. सलबियाचे दोन्ही हात चेक धरण्यात गुंतले होते, म्हणून तिचं मत धरलं गेलं नाही.

"चेक जरा वर घ्या, मकचिक, रक्कम दिसू दे!" फोटोवाला ओरडला.

चेकमागे तिचं तोंड झाकलं गेलं. दुसऱ्या दिवशी पेपरात तो फोटो आपण सगळ्यांनी पाहिला, पाहून बरं वाटलं, आणि चेकमागे कोण उभं आहे, हे एकानेही विचारलं नाही.