निमिषसाठी स्थळ

मुलगा अविवाहित आहे, असे मोरेश्वररावांनी अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या मराठी मंडळाला सहा वर्षांपूर्वी सांगितले आणि स्वतःची झोप घालवली. वास्तविक निमिषने देवांगशी रीतसर लग्न केले होते. "चारचौघांत आमच्या शेजारी उभे राहणार असाल तरच फोन करा, बाबा," असे त्याने बजावले होते. मोरेश्वरराव लग्नाला गेले नाहीत, फोनही केला नाही. कायद्याने मान्य केले तरी मंडळ मान्य करणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

अविवाहित म्हटल्यावर स्थळे आली. मंडळातल्या राजारामांनी भाचीची पत्रिका आणली, तेव्हा मोरेश्वररावांनी मुलाला मंगळ लावला. दीपाने मंगळाची मुलगी शोधली, तेव्हा त्याला प्रोजेक्टसाठी अलास्काला धाडले.

"अलास्कात माझी मावसबहीण असते, काका! सिंगल आहे!"

यंदा मंडळाने त्यांच्या पंचाहत्तरीचा सत्कार योजला. शाल मुलाच्या हस्ते द्यायची होती. मोरेश्वररावांनी आठ दिवस विचार केला, निवेदनाचे तीन खर्डे केले आणि सभेत उभे राहून चौथा वाचला: "माझा मुलगा विवाहित आहे. त्याच्या जोडीदाराचे नाव देवांग. कोणास आक्षेप असल्यास सत्कार रद्द करावा."

कोणीही चमकले नाही.

"अहो, आम्ही होतो की लग्नाला," राजाराम चहा ढवळत म्हणाले. "आधी मीही नाक मुरडलं, खोटं कशाला बोलू? पण पोरगं आपलंच. जेवण फर्स्ट क्लास होतं."

"मग भाचीची पत्रिका?"

"तिनंच तर दोघांना मेंदी काढली! पण तुम्ही अविवाहित म्हणालात. स्थळ सुचवलं नसतं, तर तुम्हाला संशय आला असता."

"तुम्हाला काय वाटेल, म्हणून सगळे गप्प," दीपा म्हणाली. "सहा वर्षं काय ॲक्टिंग केलीय यार, काका!"

मोरेश्वररावांनी पत्नीकडे पाहिले. शैलजाबाई बशीकडे पाहत होत्या.

मोरेश्वररावांनी तिथूनच फोन लावला. "निमिष, मी आज सगळ्यांसमोर सांगितलं."

"सगळ्यांना माहितीच आहे, बाबा."

"मला ते माहीत नव्हतं रे!"



"लग्नात आईच्या शेजारी तुमची खुर्ची ठेवली होती," निमिष म्हणाला. "जेवणं होईपर्यंत कोणाला बसू दिलं नाही. मग लोकांनी त्या खुर्चीवर कोट ठेवले."