दारावरील पितळी पाटीची मोहीम

श्री. हकीकत ऐसीजे. आडनावाचा जो बाका प्रसंग आमचे समोरील बिऱ्हाडी गुदरला, तो आम्ही शेजारधर्मे डोळां पाहिला, उरला तो दारास कान लावून ऐकिला. सबब पदरची भर अगदीच थोडी.

तेथील चिरंजीवांचे लग्न दंतवैद्य सूनबाईंशी थाटाने जाहले आणि मातुश्री सासूबाईसाहेब, शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, कारभार मोठा हौशी, त्यांनी कोणासही न पुसतां दारावर पितळी पाटी ठोकविली आणि तिजवर सूनबाईंचे नावापुढे सासरचे आडनाव कोरविले. सूनबाई दवाखान्यातून आल्या, पाटी वाचिली आणि जागीच थबकल्या. ज्या नावास लहानपणापासून ओ दिली, ज्या नावे परीक्षा सर केल्या, ते कोणी खरवडून काढावे, हे जिवास लागले. मग त्या रात्री घास गोड लागेना.

मग स्वयंपाकघरात मसलत बसली. सूनबाईंनी अर्ज गुजारला की आमचे आडनाव आम्हांपाशीच राहो द्यावे. सासूबाईंचा हुकूम जाहला की लोक काय म्हणतील. मामंजी वर्तमानपत्राचे बुरुजाआड दडले. चिरंजीवांस कौल पुसला, तों वदले की तुम्ही दोघी ठरवाल ते. आणि ऐसे बोलून उभय फौजांच्या तोफा त्या शहाण्याने आपणांवरच ओढवून घेतल्या. मग कोणी कोणाशी बोलेना आणि भांडी मात्र फार बोलू लागली.

इतक्यात सासूबाईंची दाढ फितूर जाहली. गाल सुजला, पाणी घोटवेना, आणि दुसऱ्या वैद्याकडे जावे तर पुन्हा लोक काय म्हणतील, म्हणोन खासा स्वारी सुनेच्याच खुर्चीत दाखल जाहली. तेथील शिरस्ता ऐसा की तोंडात हत्यार असता रोग्याने बोलू नये. दुखल्यास डावा हात वर करावा आणि वैद्याने तात्काळ थांबावे. सूनबाईंनी सुई टोचली, कापूस भरिला, आणि मग धीर करोन बोलिल्या, "आई, आत्ता बोलणं म्हणजे लबाडी आहे, कळतंय मला. पण घरी तुम्ही बोलूच देत नाही. नको असेल तर हात वर करा, गप्प बसेन."

मग सांगितले की या घरावर राग नाही, माया आहे; परंतु नाव उंबऱ्याबाहेर ठेवून आले तर अर्धी मी बाहेरच राहीन. सासूबाईंचा डावा हात खुर्चीचे दांड्यावरून उचलला, अधांतरी राहिला आणि हळूच खाली आला. मग दाढ निघाली. डोळ्यांत पाणी आले, ते दाढेचे की कशाचे, हे लिहिण्याची आमची कुवत नाही. मग बधिर ओठांनी फर्मान सुटले, "विचारायला हवं होतं गं तुला. मलाही कुणी विचारलं नव्हतं."

मग जुनी पाटी उतरली. चिरंजीवांनी स्क्रू काढिले, एवढीच त्यांची कामगिरी. नव्या पाटीवर सूनबाईंचे नाव जैसे होते तैसे विराजमान जाहले आणि सासूबाईंनी कारागिरास आणिक एक नाव परस्पर सांगोन ठेविले होते, तेही आले. संध्याकाळी मामंजी फिरून परतले, पाटी पुन्हा पुन्हा वाचिली आणि गोंधळून हाक दिली, "अगं, ही कोण राहायला आली आपल्याकडे?"

आतून जबाब आला, "तुमची बायको!"

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. मामंजी सासूबाईंचे ते माहेरचे आडनाव हल्ली पाठ करीत आहेत, आणि चुकल्यास चहा बंद, ऐसा हुकूम आहे.