धोंड्याचा जावई

अधिक महिना लागला आणि आशाबाईंनी नवऱ्याला बजावलं, "औंदा मयुरी अन् दिव्यानीले धोंड्याच्या जेवणाले बलावलं हाय. दोघींले पाटावर बसवून ओवाळतो. दोन साड्या घेऊन या."

भैयाजींनी मान खाली घातली. लेक चंद्रपुरात दिव्यानीसोबत संसार करते, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. गावात, कोरपन्यात मात्र दिव्यानी म्हणजे मैत्रीण, एवढंच त्यांनी सांगून ठेवलं होतं.

"कोर्टानंच असल्या लग्नाले मान्यता नाई देल्ली. कायद्यात बसत नाई ते," ते पुटपुटले.

"धोंड्याचं जेवण कोणत्या कायद्यात बसते? मांगच्या साली मयुरीचं आपरेशन होतं, तवा दिव्यानी सही कराले उभी होती. डॉक्टर म्हणे, तू तिची कोण? तुमची बस पोहोचेपर्यंत पोट्टी तळमळत पडली. इसरले काय?"

विसरतील कसे? ते कापडाच्या दुकानात गेले.

"एक साडी लेकीची. दुसरी कोणाले?" दुकानदाराने सहज विचारलं.

भैयाजी गांगरले. "जावयाच्या... घरची," असं काहीतरी तोंडातून निघून गेलं. झालं! "म्हणजे पोरीचं लग्न झालं? अन् आमाले पत्ताच नाई!" म्हणत दुकानदाराने साड्यांवर जावयासाठी एक भारी पँटपीसही बांधून दिला. ही बातमी भैयाजींच्या आधी त्यांच्या गल्लीत पोहोचली.

जेवणाच्या दिवशी भर दुपारी शेजारच्या अन्नपूर्णाबाई नवऱ्याला, नथ्थूला, घेऊन हजर. आत दोन पाट मांडलेले, मयुरी आणि दिव्यानी नुकत्याच आलेल्या.

"जावईबापू कुठी हायेत?"

"येऊन राह्यले," भैयाजी म्हणाले.

"कुठून?"

"वणीवरून."

"वणीची बस तं कवाचीच आली!"

"फटफटीवर हायेत. पंक्चर झाली असन."

"अरे बापा! अशा उन्हात पाहुणा रस्त्यावर?" नथ्थू बिचारा भला माणूस. त्याने डोक्याला दुपट्टा गुंडाळला, फटफटीला किक मारली आणि भैयाजी हात वर करेपर्यंत, नसलेल्या जावयाला आणायला तो वणीच्या रस्त्याला लागलासुद्धा.

मयुरीचे डोळे भरून आले. आशाबाईंनी मात्र कोणाकडे न बघता दिव्यानीला जावयाच्या पाटावर बसवलं, पाय धुतले, दोघींना ओवाळलं. ताटात पुरणाचे धोंडे वाढले, वर तुपाची धार धरली. अन्नपूर्णाबाई नुसत्या बघत राहिल्या. दिव्यानीने घासाला हात लावला नाही.

"काऊन जेवत नाई वो?" भैयाजींनी विचारलं.

"रुसली मी, काका." ती हसून म्हणाली. "जावई रुसते ना पाटावर? मले अंगठी नाई पाह्यजे. कायदा आमचं आयकन तवा आयकन. पण उद्या मयुरीले काई झालं, अन् कोणी विचारलं ही कोण, तं तुमी तरी सांगा. एवढं कबूल करा, मंग जेवीन."

तेवढ्यात दारात फटफटी थांबली. नथ्थू घामाने निथळत आत आला.

"भैयाजी, पार पुलापर्यंत पाहून आलो. जावई कुठीच दिसला नाई!"

भैयाजींनी पाण्याचा तांब्या उचलून दिव्यानीच्या ताटाशी ठेवला.

"घरातच हाय, नथ्थू. हे काय, मयुरीच्या बाजूले बसून हाय," ते म्हणाले, आणि अन्नपूर्णाबाईंनाही नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. "मलेच दिसत नोता."

नथ्थूने दिव्यानीकडे पाहिलं, मयुरीकडे पाहिलं, मग दुपट्ट्याने तोंड पुसलं.

"मंग मले काऊन उन्हात पाठवलं?" एवढंच त्याने विचारलं.

आशाबाईंनी तो पँटपीस त्याच्या हातात ठेवला. दिव्यानीने पहिला घास घेतला.