तीन नंबरच्या टँकरचा कमी दाब

१९९८ सालच्या मे महिन्यात, सकाळी सव्वाआठ वाजता, नगरपरिषदेच्या तीन नंबरच्या टँकरमधील तेलाच्या दाबाचा काटा खाली आला. घटना तशी किरकोळ. पण काटा खाली आल्याचे एका माणसाने पाहिले, आणि पाहिलेले लेखी कळवले, इथून सगळा घोळ सुरू झाला.

तो माणूस म्हणजे होळी गावचा आत्माराम, टँकरचा ड्रायव्हर. घरची केळीची वाडी भावावर सोपवून तो नोकरीला लागला होता, आणि वाडीवरची सगळी माया त्याने या गाडीवर लावली होती. गाडी मूळची लष्करातली. लढाईतून धडधाकट परतली, लिलावात निघाली, पाठीवर टाकी चढली आणि एव्हरशाईन सिटी या नव्या वसाहतीला पाणी पाजू लागली. इंजिन म्हातारे, पण खानदानी. ते आपल्या हातून बसू नये, एवढीच आत्मारामची इच्छा होती.

त्याने गाडी फर्डिनंडला दाखवली. लष्कराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला हा मेस्त्री इंजिनाशी जास्त आणि माणसांशी कमी बोलायचा. त्याने पट्टी काढून तेल पाहिले; तेल भरपूर होते. मग स्वतःकडचा दुसरा काटा जोडला. इंजिन थंड असताना दाब ठीक, तापले की दोन्ही काटे सारखेच खाली.

"काटा खरा बोलतो," फर्डिनंड म्हणाला. "एकतर बेअरिंग झिजलंय, नायतर खालच्या चेंबरातली तेलाची जाळी चोकअप आहे. आधी चेंबर खोलून बघू, अर्ध्या दिवसाचं काम. पन तोवर चालवू नको हां. चालवलीस तर इंजिन बसलं समज."

सरकारी गाडीचा बोल्टसुद्धा कागदाशिवाय फिरत नाही. आत्मारामने गाडी उभी केली आणि अर्ज दिला : 'टँकर क्र. ३ चा दाब कमी आहे, तरी दुरुस्ती व्हावी.' आवक कारकुनाने 'दाब कमी' एवढे वाचून अर्ज पाणीपुरवठा विभागाकडे धाडला, कारण नगरपरिषदेत दाब कमी असतो तो पाण्याचाच. आठ दिवसांनी उत्तर आले : 'जलवाहिनीच्या कामामुळे पुढील आदेशापर्यंत कमी दाबानेच पुरवठा होईल. मोटार लावून पाणी खेचू नये. सहकार्य करावे.'

"पान्याचा नाय हो, तेलाचा दाब!" आत्माराम काकुळतीला आला.

"मग तेल लिहायचं ना," कारकून म्हणाला. "पण तेल लिहिलंत तर रेशनिंगकडे जाईल. तहसीलला."

आत्मारामने शहाणपणा करून दुसऱ्या अर्जात तेल आणि दाब दोन्ही टाळले. 'टँकर क्र. ३ चे चेंबर चोकअप झाले असून ते उघडून साफ करावे.' यावर मात्र नगरपरिषद वाऱ्यासारखी हलली. दुसऱ्याच दिवशी आरोग्य विभागाचे चार कामगार बांबू घेऊन आले, टँकर उभा होता तिथले गटाराचे झाकण उचलले, पाच घमेली गाळ काढला आणि आत्मारामची सही घेऊन गेले. 'चेंबर साफ. तक्रारदार समाधानी.'

तोवर नऊ दिवस झाले होते. एव्हरशाईन सिटीतून फोनवर फोन येत होते. अखेर वाहन विभागप्रमुख विघ्नेश साहेबांनी प्रकरण हाती घेतले. साहेब हुशार, पायरी-पायरीने विचार करणारे.

"दाबाची तक्रार निकाली निघाली, चेंबरचीही निघाली. तरी काटा खालीच?"

"व्हय साहेब."

"बाकीच्या सहा टँकरचे काटे काय दाखवतात?"

"त्यांना काटेच नायत साहेब. कवाच मोडलेत."

"आणि त्यांच्या ड्रायव्हरांच्या तक्रारी?"

"नाय."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. निदान झाले होते. दुपारी आदेश निघाला : 'ताफ्यात एकसूत्रता आणण्याच्या दृष्टीने टँकर क्र. ३ वरील काटा तात्काळ काढून भांडारात जमा करावा व पुरवठा पूर्ववत करावा.' राहिलेल्या भोकावर गणपतीचे स्टिकर लावण्याची सूचना तोंडी दिली. धार्मिक बाबी लेखी आणता येत नाहीत.

काटा काढताना आत्मारामला रडू आले. तिसऱ्या खेपेला, एव्हरशाईन सिटीतल्या एका सोसायटीच्या फाटकात, इंजिनातून खडखडाट उठला आणि गाडी थांबली ती कायमची.

त्याच दिवशी त्याला दोन नोटिसा मिळाल्या. दाब कमी होता, तर वेळीच का कळवले नाही? आणि, गाडीत काटा नसताना दाब कमी असल्याची अफवा कशाच्या आधारे पसरवली?

आता आत्मारामचा भरवसा होता तो लोकांवर. फाटकात बादल्या घेऊन जमलेल्या प्रत्येकाला त्याने पहिल्यापासून सगळे सांगितले. मंडळी सुशिक्षित, नोकरदार. ऐकून हळहळली. व्यवस्था कशी सडली आहे यावर चांगली पाऊण तास चर्चा झाली. सोसायटीच्या सेक्रेटरी सुमेधाताईंनी त्याला कोकम सरबत दिले.

"काका, आम्ही तुमच्याच बाजूचे आहोत," त्या म्हणाल्या. "आजच निवेदन देतो."

निवेदन खरोखरच संध्याकाळच्या आत पोहोचले. 'सदर ड्रायव्हर काटे बघत बसतो, त्यामुळे आमचे पाणी नऊ दिवस बंद राहिले. तरी त्याच्या जागी काटे न बघणारा ड्रायव्हर द्यावा, ही नम्र विनंती.' नगरपरिषदेच्या इतिहासात एवढ्या तातडीने मान्य झालेला हा पहिलाच कागद.

खाली एकशे बारा सह्या आहेत. तुम्ही घाईत होता, वर काय लिहिलंय ते वाचायला वेळ नव्हता, हे सगळे मान्य. सोळाव्या ओळीत तुमची सही आहे.