साहेबांच्या अर्जातली खूण

कुत्र्याचं नाव ‘साहेब’ ठेवलं होतं, कारण तो नऊच्या आत उठत नसे आणि हाक ऐकू आली तरी वळून बघत नसे. नाव ठेवणारा हेडक्लार्क नुकताच निवृत्त झाला होता, आणि कोणाला तरी साहेब म्हटल्याशिवाय त्याला करमत नव्हतं. पण गेले दोन दिवस साहेब ताटलीकडेही बघत नव्हते. कोपऱ्यात मान टाकून पडून होते. बॅगा भरलेल्या दिसल्या म्हणून रुसलाय, असं बायकोचं म्हणणं. मुलीकडे आठ दिवस जायचं होतं. गाडी चारची, आणि त्याआधी साहेबांना श्वानगृहात सोडायचं होतं.

तिथल्या बाईंनी छापील अर्ज पुढे सरकवला. अर्ज पाहून हेडक्लार्कला तरतरी आली. कोरा रकाना त्याला जन्मात सहन झाला नव्हता. नाव भरलं, वय भरलं, लशींच्या तारखा भरल्या. शेवटच्या रकान्यात नुसतंच ‘टिक’ असं छापलं होतं. टिक करा म्हणतात तर करू, म्हणून त्याने तिथे बरोबरची ठसठशीत खूण केली आणि खाली सही ठोकली.

बाईंनी अर्ज वाचला आणि खुर्ची मागे घेतली.

“याला टिक आहेत?”

“आहे ना. मीच केली.”

“टिक म्हणजे गोचीड हो, काका.”

बायकोचा चेहरा लालबुंद झाला. दर रविवारी ती साहेबांना घासूनपुसून आंघोळ घालत असे, आणि तिच्या घरात गोचीड निघणं म्हणजे तिची अब्रू निघणं होतं. तिने तिथल्या तिथे साहेबांची लव विंचरून दाखवली. कान उलटे केले, पंज्यांच्या बेचक्या उघडल्या. एकही गोचीड सापडली नाही. साहेबांनी हूं की चूं केलं नाही, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही.

हेडक्लार्कने खूण खोडायला पेन काढलं, तर बाई म्हणाल्या, खाडाखोड केलेला अर्ज चालत नाही. असे अर्ज तो स्वतः तीस वर्षं परत पाठवत आला होता. मग त्याने नवा अर्ज मागितला. बाईंचं म्हणणं, सहीनिशी लिहून दिलेलं आता मी कसं विसरू? एकाची गोचीड बाकीच्यांना चिकटली की सगळे मालक माझ्या दारात. रक्त तपासून डॉक्टरांचा दाखला आणा.

दवाखान्यापर्यंतच्या वाटेत रिक्षात बायकोने त्याची पार सालटी काढली. एवढी नोकरी केलीत, एक रकाना धड वाचता येऊ नये? तो बापडा सुतासारखा सरळ बसून ऐकत होता. साहेबांचं डोकं त्याच्या मांडीवर होतं आणि मांडी चांगलीच तापली होती, पण उन्हामुळे असेल असं त्याला वाटलं.

दवाखान्यातच चार वाजले आणि गाडी गेली. अखेर डॉक्टर रक्ताचा कागद घेऊन बाहेर आले.

“गोचीड ताप आहे. आठवड्याला अशी सात-आठ कुत्री येतात माझ्याकडे. गोचीड चावून गळून पडते, अंगावर काही दिसत नाही, आणि लोक म्हणतात रुसलाय. अजून चार दिवस गेले असते तर कठीण होतं. महिनाभर गोळ्या द्या, उतरेल.”

बायको मटकन बाकावर बसली. तिने साहेबांचं तोंड ओंजळीत घेतलं आणि तिचे डोळे भरून आले.

“शंका कोणाला आली?” डॉक्टरांनी विचारलं.

“यांना,” ती म्हणाली. “यांनी लिहून दिलं होतं.”

लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. इतक्या कौतुकाने तिने त्याच्याकडे पाहिल्याचं त्याला आठवत नव्हतं. नम्रपणे हसावं की नुसतीच मान हलवावी, याचा तो विचार करत होता, तेवढ्यात तिच्या कपाळावर आठी उमटली.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं? आणि दोन दिवस मला बोलला नाहीत?”

हेडक्लार्कने लगेच खरं सांगून टाकलं.

“अगं, मला काहीसुद्धा कळलं नव्हतं.”

तिने त्याला नीट न्याहाळलं आणि साहेबांचा पट्टा हातात घेऊन उठली.

“हे मात्र पटतं,” ती म्हणाली.